लोन पेअर फुटल्यामुळे

माझ्या नवऱ्याला सगळं शहर फुगेसर म्हणतं. त्याला वाटतं हा सन्मान आहे. मीही त्याचा तो समज अठरा वर्षं जपला आहे, कारण ते फुगे मी फुगवते, आणि फुगवणाऱ्या बाईने तरी स्वतःच्या मालाला नावं ठेवू नयेत.

फुगे कशासाठी ते सांगते. रेणूचा आकार कसा असतो हे प्रवेश परीक्षेत हमखास विचारतात. तो पाठ करायचा नसतो, ओळखायचा असतो. मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनच्या जोड्या असतात आणि या जोड्यांना एकमेकींचं तोंड बघायचं नसतं, त्यामुळे त्या जमेल तितक्या लांब लांब पसरतात. त्या कशा पसरल्या यावरून रेणूचा आकार ठरतो. बस्स, एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळी फी. चार फुगे बुडाशी एकत्र बांधले की ते आपले आपण चार दिशांना तोंडं करून बसतात. त्याला चतुष्फलक म्हणायचं. तीनच बांधले तर टेबलावर सपाट त्रिकोण होतो, आणि दोन बांधले तर एक सरळ रेषा.

भानगड असते ती लोन पेअरची. ही अशी जोडी, जी कुणाशी बंध जोडत नाही, मधल्या अणूवरच ठाण मांडून बसते. रेणूच्या आकाराला नाव देताना तिला मोजत नाहीत. पण शेजारच्यांना ढकलते मात्र तीच सगळ्यात जास्त. अमोनियात तीन हायड्रोजन आणि एक लोन पेअर. ती वर बसून तिघांना खाली रेटते, म्हणून अमोनिया सपाट नसतो, बसका पिरॅमिड असतो. हे वाचून कुणाला घरातल्या कुणाची आठवण झाली तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. मी रसायनशास्त्राबद्दल बोलते आहे.

मी आणि फुगेसर एकाच वर्गात होतो. एम.एस्सी.ला मी पहिली आले आणि तो पास झाला. हे मी कुणाला सांगत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनाच फक्त सांगते. क्लास काढायचा ठरला तेव्हा दोघांपैकी शिकवायचं कुणी यावर चर्चा करायची होती. ती चर्चा व्हायच्या आत त्याने पहिली बॅच घेतली सुद्धा. "तुझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही गं," असं त्याने मला समजावलं. माझा आवाज स्वयंपाकघरातून गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचतो, हे खालचे शेजारी शपथेवर सांगतील. पण ते रसायनशास्त्रातले जाणकार नव्हेत.

तर मी नोट्स लिहिते, चाचण्या काढते, पेपर तपासते आणि फुगे फुगवते. विद्यार्थी मला काकू म्हणतात. "काकू, स्टेपलर आहे का?" एवढ्यापुरतं माझं त्यांचं बौद्धिक नातं.

आणि एक मुलगी आहे आम्हाला, खारू. लहानपणी दप्तराच्या कप्प्याकप्प्यात खोडरबर साठवून ठेवायची म्हणून खारू. आता सतरा संपून अठरावं लागलंय आणि खोडरबरांच्या जागी प्रश्नपत्रिका साठवते. तिला औषधं बनवायला शिकायचंय. त्यासाठी एकच कॉलेज तिच्या मनात आहे आणि मागच्या वर्षी ते एका प्रश्नाने हुकलं. बरोबर एका प्रश्नाने. तो प्रश्न कुठला होता हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही, पण महिनाभर ती जेवताना ताटाकडे बघून जेवत होती. यंदा दुसरी खेप. यंदा नाही झालं तर तिसऱ्यांदा बसणार नाही, मिळेल ते घेईन, असं तिने शांतपणे सांगून टाकलं होतं. तिने आदळआपट केली असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

ती बापाच्याच क्लासमध्ये होती. वर्गात त्याला "सर" म्हणायचं असा त्याचा नियम. सवय अशी लागली की घरीसुद्धा "सर, भाजी द्या ना" म्हणते. शंका आली की सरांकडे. मी मध्ये काही बोलायला गेले तर, "राहू दे आई, सरांना विचारते." यात उर्मटपणा नव्हता. मी स्टेपलरवाली काकू होते, दुसरं काय?

*

यंदा आमच्या समोरच्या इमारतीत दुसरा क्लास निघाला. त्यांचे सर टेबलावर बर्फासारखं काहीतरी ठेवून त्यातून पांढरा धूर काढतात आणि धुरातून बोलतात. काय बोलतात ते कुणाला कळत नाही, पण प्रवेश भराभर होऊ लागले. आमच्याकडची दोन मुलं मधूनच तिकडे गेली तशी फुगेसरांची झोप उडाली.

"लोकांना काहीतरी बघायला पाहिजे असतं," तो म्हणाला.

"फुगे आहेत की."

"फुगे नुसते बसून असतात गं. काहीतरी घडलं पाहिजे."

आणि मग त्याला टाचणी सुचली.

आत्तापर्यंत कसं होतं, तर बंधांच्या जोड्या म्हणजे रंगीत फुगे आणि लोन पेअर म्हणजे एक मोठा पांढरा फुगा. "हा पांढरा आकाराच्या नावात धरायचा नाही," असं तो सांगायचा आणि पुढे जायचा. अठरा वर्षं मुलांना ते कळत होतं. आता त्याने एक लांबलचक टाचणी आणली, टोकाला लाल मणी असलेली. "लोन पेअर दिसत नाही! मग तिचं काय करायचं?" असं ओरडायचं आणि पांढरा फुगा फट्‌दिशी फोडायचा. टाळ्या, शिट्ट्या. मी आतल्या खोलीत दुसऱ्या दिवशीचे पेपर स्टेपल करत होते. मला फक्त आवाज ऐकू आला, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच की आता रोज पांढरे फुगे जास्त फुगवावे लागणार. आपली अक्कल नेमक्या वेळी कुठे गावाला जाते, देव जाणे.

गुरुवारी चाचणी झाली. दोनशे बारा पेपर. मी चहाचा कप आणि लाल पेन घेऊन बसले.

पहिल्या पेपरात अमोनिया सपाट त्रिकोण, कोन एकशे वीस अंश. चूक. दुसऱ्या पेपरात सपाट. चूक. तिसऱ्यात सपाट आणि पाण्याचा रेणू चक्क सरळ रेषेत. वाटलं, हे तिघं एका बाकावरचे असणार. दहाव्या पेपरापर्यंत माझी खात्री पटली की ही अख्खी रांगच कॉपी करते. एकतिसाव्या पेपरात मात्र एका प्रामाणिक जीवाने कारणसुद्धा लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून: "लोन पेअर फुटल्यामुळे कोन १२०° होतो."

मी पेन खाली ठेवलं.

आधी प्रयोग, मग आरडाओरडा, ही माझी शिस्त आहे. सामानाच्या खोलीत गेले, तीन निळे आणि एक पांढरा फुगवला, बांधला. चतुष्फलक झाला, पांढरा वर, निळे तिघे खाली झुकलेले. टाचणी घेतली आणि पांढरा फोडला. निळे तिघे जरा हलले, आणि मग वरचं ओझं गेल्यावर माणसं जशी पाय पसरून बसतात तसे निवांत टेबलावर पसरले. सपाट त्रिकोण. एकशे वीस अंश. मुलांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं होतं. लोन पेअर दिसत नाही म्हणजे नसते असं नव्हे, आणि आमच्या सरांनी ती दोनशे बारा मुलांच्या देखत, टाळ्यांच्या गजरात, नाहीशी केली होती.

उरलेले पेपर तपासले. एकशे सत्त्याऐंशी जणांचा अमोनिया सपाट. खारूचा पेपर शेवटून चौथा होता. तिचाही सपाट. कोनाची कमान कंपासने काढलेली, नीटनेटकी. मला त्या नीटनेटकेपणाचंच रडू आलं.

*

जेवायच्या वेळी मी फुगेसरांना सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. तो शांतपणे ऐकतो तेव्हा पुढचा घास कुठला घ्यायचा याचा विचार करत असतो.

"तुझ्या गाठी सैल आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"फुगे सरकतात म्हणजे गाठ सैल असणार. घट्ट बांध. नाही सरकणार."

अठरा वर्षं गाठी मारून माझ्या बोटाला घट्टा पडलाय. तो त्याच्या नाकासमोर धरावा असं वाटलं. "अरे, गाठीचा काय संबंध? तू फुगा फोडलास की ढकलणारं कुणी उरत नाही. बाकीचे पसरणारच. तू त्यांना बरोब्बर चुकीचं शिकवतोयस."

"अगं, शेवटी मी तोंडी सांगतो ना, अमोनिया म्हणजे पिरॅमिड म्हणून."

"तोंडी सांगतोस पिरॅमिड आणि दाखवतोस पापड."

त्याने पाणी प्यायला वेळ घेतला. "हे बघ, रविवारी रेकॉर्डिंग आहे. कॅमेरे येणार आहेत, तो व्हिडिओ आपल्या क्लासच्या चारही शाखांमध्ये दाखवणार. टाचणी त्यात पाहिजेच. आत्ता जर मी टाचणी काढली तर समोरचा धूरवाला काय म्हणेल?"

म्हणजे दोनशे बारा मुलांचं, आणि त्यात एका आपल्या मुलीचं, काय व्हायचं ते होवो. धूरवाल्याने काही म्हणता कामा नये.

खारू हे ऐकत होती. तिने बापाला विचारलं, "सर, पण पुस्तकात पिरॅमिड आहे. आणि वर्गात तर सपाट झाला."

इतकं सरळ विचारल्यावर तरी हा माणूस चूक कबूल करेल असं मला वाटलं. लग्नाला वीस वर्षं होऊनही मला अजून असं काहीबाही वाटतं.

"पिरॅमिडचा तळ कसा असतो?" त्याने विचारलं.

"सपाट."

"झालं तर मग!" असं म्हणून त्याने भाजी वाढून घेतली.

आणि खारूने मान डोलावली. खरंच डोलावली. मी कपाळावर हात मारला, तर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की जणू मला डास चावला असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "अमोनिया सोड. झेनॉन टेट्राफ्लुओराइड सांग. सहा जोड्या, त्यातल्या दोन लोन पेअर."

तिने डोळे मिटले. बोटांनी हवेत काहीतरी धरलं आणि दोनदा टोचलं. "सहा फुगे. दोन फोडले. उरले चार." तिने डोळे उघडले. "चतुष्फलक."

उत्तर आहे सपाट चौकोन. अमोनिया ती पाठ करून जाईल, पण परीक्षेत अमोनिया कोण विचारतो? तिथे न पाहिलेलं काहीतरी येणार, आणि ही पोरगी डोळे मिटून मनातल्या मनात टाचणी काढणार.

"चूक आहे, खारू. त्या दोन फुटत नाहीत. त्या तिथेच असतात. वर एक, खाली एक, आणि चौघांना मधे एका पातळीत दाबून धरतात."

"आई, तू वर्गात होतीस का?" तिचा आवाज थकलेला होता. "मी बघितलंय. सगळ्यांनी बघितलंय. आता दहा दिवस राहिलेत, प्लीज मला गोंधळात टाकू नकोस ना."

"मी फुगा फोडून बघितला, म्हणून तर सांगतेय."

"सरांना विचारते मी."

मी बाहेर आले आणि भांडी घासली. घासलेली होती ती परत घासली. मला राग आला होता हे खरं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. मागच्या वर्षीचा तो ताटाकडे बघून जेवणारा चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. तो बघण्यापेक्षा मी फुगेसरांचा कॅमेरा, टाचणी आणि चारही शाखा पाण्यात बुडवायला तयार होते.

वर्गात उभी राहून "सर चुकताहेत" म्हटलं असतं तर? मुलांनी सरांकडे बघितलं असतं, सरांनी हसून "काकूंना स्टेपलर सापडत नाहीये" म्हटलं असतं आणि झालं असतं. डोळ्यांनी बघितलेलं खोडून काढायला तोंड पुरत नाही. त्यांना पुन्हा डोळ्यांनीच काहीतरी दाखवायला हवं होतं.

*

रविवारी मी सकाळी लवकर उठून फुगे फुगवले. रंगीत फुगे नेहमीसारखे. पांढरे फुगे किंचित कमी फुगवले आणि त्यांच्यावर चिकटपट्टी लावली, पारदर्शक, पार्सलला लावतात ती रुंद. चौकोनी तुकडे कापले, एकावर एक असे लावले आणि अंगठ्याच्या नखाने दाबून बुडबुडे काढून टाकले. पट्टी लावलेल्या जागी टाचणी टोचली तर फुगा फुटत नाही. टाचणी आत जाते, भोक पडतं, पण पट्टी रबर फाटू देत नाही. फार तर हळूहळू हवा जाते. हे मला कसं माहीत? खारूच्या चौथ्या वाढदिवसाला मीच करून दाखवलं होतं. तिला आठवत असायचं कारण नव्हतं, तेव्हा ती फक्त केक बघत होती.

नवरा कुठे टोचेल याचा विचार करावा लागला नाही. तो उजव्या हाताने, वरून, स्वतःचा चेहरा कॅमेऱ्याला दिसेल अशा बेताने टोचणार. वीस वर्षांच्या संसाराचा एवढा तरी उपयोग.

रेकॉर्डिंग सुरू झालं. दोनशे बारा मुलं, दोन मोठे दिवे, आणि "थोडं डावीकडे या सर" म्हणणारे टक्कलवाले कॅमेरावाले. मी मागच्या दाराशी हातात जादाचे फुगे घेऊन उभी होते. खारू तिसऱ्या रांगेत.

चार रंगीत फुग्यांचा मिथेन झाला. टाळ्या. मग अमोनिया. तीन निळे, वर एक पांढरा.

"लोन पेअर दिसत नाही!" सर गरजले. "मग तिचं काय करायचं?"

"फोडायचं!" अख्खा वर्ग.

त्याने टाचणी उचलली, लाल मणी कॅमेऱ्याला दाखवला आणि टोचली.

काहीच झालं नाही.

त्याने हसून टाचणी बाहेर काढली, तिचं टोक पाहिलं आणि पुन्हा टोचली. मग तिसऱ्यांदा, जरा जोरात. पांढरा फुगा जागच्या जागी ढिम्म. वर्गात खसखस सुरू झाली. चौथ्यांदा त्याने अशी टाचणी खुपसली की मणीच आत जातो की काय. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, जाऊ द्या हो, राहू द्या तिला!" आणि सगळा वर्ग खदखदून हसला.

माझ्या नवऱ्याच्या कपाळावर घाम मला दारातून दिसत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हातातले फुगे पुढे करून "दुसरा देऊ का?" अशा अर्थाची मान हलवली. पतिव्रता दुसरं काय करते?

पण मी त्याच्याकडे बघत नव्हते, खारूकडे बघत होते. ती हसत नव्हती. मान एका बाजूला कलती करून ती फुग्यांकडे पाहत होती. पांढरा वर होता, भोकं पडलेला, तरी होता. आणि निळे तिघे खाली झुकलेलेच होते. टेबलावर पसरले नव्हते. तिने हाताचा पंजा उलटा धरून तीन बोटं खाली केली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

आणि आता फुगेसरांची थोरवी सांगायला हवी, कारण अशा वेळीच हा माणूस खरा दिसतो. त्याने टाचणी खिशात टाकली, दोन्ही हात पसरले आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "हेच! हेच मला दाखवायचं होतं! लोन पेअर दिसत नाही म्हणून ती नसते का? तुम्ही कितीही टोचा, ती जागा सोडत नाही. ती आहे म्हणून हे तिघे खाली आहेत. ती गेली, तर हा रेणू सपाट होईल, आणि तो अमोनिया नसेल!"

शब्द न्‌ शब्द माझा. माझ्या नोट्सच्या वहीतलं पान चौदा, सोळा वर्षांपूर्वी लिहिलेलं. मला वाटायचं त्याने ती वही कधी उघडलीच नाही. तर टाळ्या अशा पडल्या की दिव्याचा स्टँड हलला. मी त्याला तोंडघशी पाडायला गेले आणि तो तोंडघशी पडता पडता थेट टाळ्यांवर जाऊन बसला. माझ्या बंडाचंसुद्धा श्रेय सरांना.

जेवताना स्वारी भलतीच खुशीत होती. "वेळेवर सुचलं बघ मला. आणि गाठी आज घट्ट होत्या हं तुझ्या. सांगितलं की ऐकतेस, एवढं मात्र आहे." पुढच्या बॅचपासून असाच न फुटणारा फुगा दरवेळी ठेवायचा, असंही त्याने जाहीर केलं. "कुठल्या दुकानातला होता गं तो?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "मी फक्त गाठी मारते."

भाजी वाढायला मी खारूकडे वाकले तेव्हा तिने माझ्या कोपराकडे बघितलं. तिथे चिकटपट्टीचा एक चौकोनी तुकडा सकाळपासून चिकटलेला होता. तिने तो नखाने सोडवला, उजेडाकडे धरून बघितला आणि ताटाच्या कडेला चिकटवला. मग जेवली. तिला काय कळलं, किती कळलं, की तिला नुसता तो तुकडा घाण वाटला, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. "सरांना विचारते" हे पुन्हा एकदा ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

*

परीक्षेच्या दिवशी फुगेसर दिवाणखान्यात उत्तरं जुळवायला तयार बसले होते. समोर कोरा कागद, दोन रंगांची पेनं आणि फोन, कारण दर दोन मिनिटांनी कुणीतरी विद्यार्थी एखादा प्रश्न सांगत होता. मी ओट्यापाशी उभी होते आणि एकच कांदा केव्हापासून चिरत होते.

खारू आली. बुटांचा आवाज, दप्तर खुर्चीवर पडल्याचा आवाज.

"ये, ये, बस!" बापाची हाक. "काढ पेपर. रेणूचा आकार कुठला आला?"

"आलेच, बाबा," ती म्हणाली.

ती सरळ आत आली. बाबा म्हणाली हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिच्या हातात घडी घातलेली प्रश्नपत्रिका होती, घामाने मऊ पडलेली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मला ते ताटाकडे बघून जेवणं आठवलं.

"आई, अठ्ठाविसावा बघ."

मी हात पुसले. अठ्ठाविसावा प्रश्न: क्लोरिन ट्रायफ्लुओराइडचा आकार. पर्याय चार. पहिलाच पर्याय होता सपाट त्रिकोण, पाच फुग्यांतले दोन फोडले की बरोब्बर जो मिळतो तो. जगातल्या सगळ्या टाचणीवाल्यांसाठी अंथरलेली सतरंजी. खारूने पेन्सिलीने खूण केली होती तिसऱ्या पर्यायावर. टी-आकार.

शेजारच्या कोऱ्या जागेत तिने आकृती काढली होती. मधे एक ठिपका आणि भोवती पाच फुगे, प्रत्येकाला खाली छोटीशी गाठसुद्धा. तिघांवर फ्लुओरीनचं अक्षर होतं. उरलेले दोघं मधल्या पट्ट्यात, जास्त जागा लागणाऱ्यांनी जिथे बसायचं असतं नेमके तिथेच. आणि त्या दोघांच्या अंगावर एकेक लहानसा चौकोन होता. चिकटपट्टीचा.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

बाहेरून हाक आली, "अगं, काय चाललंय आत? पेपर इकडे आण!"

"सरांना विचार जा," असा एक टोमणा माझ्या जिभेवर अगदी तयार होता. इतकी वर्षं घासून पुसून ठेवलेला. पण बोलायला गेले तर डोळ्यांतच पाणी आलं. कांद्याचं निमित्त हाताशी होतं, तेही मी सांगितलं नाही.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिने स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली.

"आणि हा एकोणतिसावा?"